बारावीनंतरचा अभ्यास: पदवीच्या पहिल्या सेमला काय, कसं आणि किती करायचं

बारावीपर्यंत अभ्यासाची सगळी मांडणी दुसरं कुणीतरी करून देतं. कोणता धडा कधी, कोणता प्रश्न महत्त्वाचा, चाचणी कोणत्या वारी, हे शाळा नाहीतर क्लास ठरवतो. पदवीला प्रवेश घेतला की हे ठरवणारं कुणी उरत नाही. तासिका होतात, पण काल शिकवलेलं आज कुणी विचारत नाही. पुस्तक एक नसतं, यादीत पाच-सहा असतात. चाचणी येते ती थेट इंटर्नलला, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत मूल्यमापनाला, आणि तोवर निम्मं सेम (सेमिस्टर) सरलेलं असतं. मराठवाड्यातल्या कॉलेजांत दरवर्षी चांगल्या टक्क्यांची मुलं-मुली पहिल्याच सेमला एखाद-दुसऱ्या विषयात अडकतात ती बहुधा इथेच. डोकं कमी पडलेलं नसतं, अभ्यासाची जुनी पद्धत पुरलेली नसते.

आपल्याकडच्या अनेकांनी अकरावी-बारावी लातूर पॅटर्नमध्ये किंवा त्याच्या धर्तीवर चालणाऱ्या क्लासमध्ये काढलेली असते. त्यातलं काय सोबत घ्यायचं आणि काय मागे ठेवायचं, हे आधी ठरवा. सोबत घ्यायची ती चाचण्यांची सवय: ठरलेल्या दिवशी पेपर सोडवणं, चुका तपासणं, पुन्हा सोडवणं. त्या पद्धतीतला खरा कस याच गोष्टीत आहे. मागे ठेवायच्या त्या दुसऱ्यानं काढलेल्या आयत्या नोट्स आणि चार पर्यायांतून उत्तर ओळखण्याची सवय. पदवीच्या बहुतेक पेपरांत पर्याय समोर नसतात. कोरा कागद असतो आणि त्यावर आपल्या शब्दांत दीड-दोन पानं लिहायची असतात.

पहिल्या पंधरवड्यात कागद गोळा करा

अभ्यासाला बसण्याआधी प्रत्येक विषयाचे तीन कागद हातात हवेत.

पहिला, अभ्यासक्रम. छत्रपती संभाजीनगर आणि बीड, जालना, धाराशिव इथली कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या अखत्यारीत येतात. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीची स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या. कृषी शाखेसाठी परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शाखा, वर्ष आणि विषय निवडून अभ्यासक्रमाची फाईल उतरवून घ्या. फाईलवरचं शैक्षणिक वर्ष नीट बघा. नव्या शैक्षणिक धोरणामुळे अलीकडे अभ्यासक्रम बदलले आहेत, आणि सिनिअरकडून आलेली फाईल जुन्या अभ्यासक्रमाची निघू शकते. स्वायत्त कॉलेज असेल, तर अभ्यासक्रम कॉलेजचा स्वतःचा असतो. तो विभागातूनच घ्या.

दुसरा कागद म्हणजे गुणांची विभागणी. इंटर्नलला किती, विद्यापीठाच्या पेपरला किती, उत्तीर्ण होण्यासाठी दोन्हीकडे वेगवेगळे किमान गुण लागतात की एकत्र, हे विषय शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना पहिल्याच आठवड्यात विचारा. पेपर चांगला जाऊनही इंटर्नल राहिलं म्हणून विषय अडकणं फार वाईट, कारण ते गुण हजेरी, असाइनमेंट, चाचणी अशा पूर्ण आपल्या हातातल्या गोष्टींचे असतात. हजेरीची अट साधारण ७५ टक्के असते. म्हणजे चार तासिकांमागे एकच बुडवायची मुभा.

तिसरा, मागच्या तीन-चार परीक्षांच्या प्रश्नपत्रिका. ग्रंथालयात त्यांची फाईल असते. नुकताच अभ्यासक्रम बदलला असेल, तरी जुने पेपर टाकून देऊ नका. प्रश्न बदलतात, पण विचारण्याची धाटणी फारशी बदलत नाही.

आता अभ्यासक्रमाची प्रिंट काढा. मोबाईलवर ठेवून भागत नाही, त्यावर लिहायचं आहे. प्रत्येक घटकातल्या प्रत्येक उपमुद्द्यापुढे तीन छोटे चौकोन काढा: वर्गात झाला, टिपण तयार झालं, न बघता लिहून झालं. हा कागद टेबलासमोर भिंतीला चिकटवा. सेमभर अभ्यास कुठवर आलाय ते हाच कागद सांगेल.

किती तास? श्रेयांकावरून काढा

“रोज किती तास अभ्यास करायचा?” याचं उत्तर अंदाजपंचे द्यायची गरज नाही. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका श्रेयांकामागे (क्रेडिटमागे) सुमारे ३० तासांचं अध्ययन धरलं आहे. थिअरीच्या विषयात त्यातले १५ तास वर्गात जातात, म्हणजे उरलेले १५ तास तुमच्या स्वतःच्या अभ्यासाचे. सेममध्ये शिकवण्याचे आठवडे साधारण १५ असतात. हिशोब सोपा होतो: थिअरीचे जितके श्रेयांक, तितके तास दर आठवड्याला स्वतः बसायचं. सोळा श्रेयांक थिअरीचे असतील तर आठवड्याला १६ तास. रोज अडीच तास, सहा दिवस, आणि रविवारी एक तास उजळणीला. प्रॅक्टिकलच्या श्रेयांकाचे ३० तास मात्र प्रयोगशाळेतच जातात, तिथे वेगळं फक्त जर्नल लिहिण्यापुरतं बसावं लागतं.

रोज अडीच तास म्हणजे फार नाही. पण हे रोजचे आहेत. परीक्षेआधी पंधरा दिवस रोज दहा तास बसणाऱ्याचे दीडशे तास होतात. सेमभर नेमानं बसणाऱ्याचे दोनशे चाळीस. शिवाय सेमभर वाचणाऱ्याला मधे विसरून पुन्हा आठवायला वेळ मिळतो. त्याचं महत्त्व पुढे येईलच.

वेळापत्रक करताना आठवड्यातले मोकळे तुकडे आधी शोधा. अप-डाऊन करणाऱ्यांचे दोन-तीन तास रोज एसटीत किंवा रेल्वेत जातात. हलत्या गाडीत लिहिता येत नाही, नवं वाचलेलंही डोक्यात राहत नाही. तो वेळ फक्त आठवण्यासाठी ठेवा. कसं, ते पुढे सांगितलं आहे. दोन तासिकांमध्ये मोकळा तास असेल तर कट्ट्यावर न बसता रीडिंग रूममध्ये जा, आणि आधीच्या तासिकेचं टिपण तेव्हाच पूर्ण करा. रूमवर राहणाऱ्यांनी मेसच्या वेळा धरून अभ्यासाची वेळ बांधावी. चार जणांच्या रूममध्ये रात्री अकरापर्यंत शांतता मिळत नसेल, तर अभ्यासिका लावा किंवा सकाळी पाचला उठा. रूम शांत होईल या आशेवर रोजचे दोन तास घालवू नका.

तासिकेत काय लिहायचं

सरांचं प्रत्येक वाक्य उतरवून घ्यायचा प्रयत्न बहुतेक जण करतात आणि महिन्याभरात सोडून देतात. कारण बोलण्याचा वेग लिहिण्याच्या कितीतरी पट असतो. लिहिण्याच्या नादात ऐकणं सुटतं. दुसरं टोक म्हणजे काहीच न लिहिता फळ्याचा फोटो काढणं. मोबाईलमध्ये असे शेकडो फोटो साठतात आणि ते पुन्हा कुणी उघडत नाही.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात रुजलेली एक पद्धत आपल्या साध्या रजिस्टरवर उत्तम चालते. पानाच्या डाव्या बाजूला सहा सेंटिमीटरवर उभी रेघ मारा. खाली पाच सेंटिमीटर जागा आडवी रेघ मारून सोडा. तासिकेत फक्त उजव्या मोठ्या भागात लिहायचं: मुद्दे, व्याख्या, आकृती, तारखा, सरांनी दिलेलं उदाहरण. पूर्ण वाक्यं नकोत. डावी पट्टी कोरी राहू द्या.

त्याच दिवशी संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी, पंधरा मिनिटं काढून डाव्या पट्टीत प्रश्न लिहा. उजवीकडची माहिती ज्याचं उत्तर होईल, असे प्रश्न. खालच्या जागेत सगळ्या पानाचा आशय दोन-तीन वाक्यांत, आपल्या भाषेत.

इतिहासाच्या तासिकेचं एक पान बघू. विषय हैदराबाद मुक्तिसंग्राम. उजवीकडे तासिकेत असं लिहिलं गेलं: “जैसे थे करार, २९ नोव्हें. १९४७, मुदत १ वर्ष. स्टेट काँग्रेस, स्वामी रामानंद तीर्थ. रझाकार, कासिम रझवी. १३ सप्टें. १९४८ पोलिस कारवाई. १७ सप्टें. शरणागती.” हे नुसतं पाठ केलं तर तीन तारखा आणि काही नावं होतात आणि परीक्षेत दोन गुणांपुढे जाता येत नाही. आता डावीकडचे प्रश्न: “जैसे थे कराराची मुदत संपली नव्हती, तरी कारवाई का करावी लागली?” “लष्कर उतरलेलं असताना तिला पोलिस कारवाई का म्हटलं?” “१५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत संस्थानात काय काय घडलं?” या प्रश्नांची उत्तरं टिपणात पूर्ण सापडत नाहीत. ती शोधायला पुस्तक उघडावं लागतं, आणि कशासाठी उघडायचं तेही नेमकं कळलेलं असतं.

विज्ञानाला हेच लागू आहे. “काळी माती पाणी प्यायल्यावर फुगते, वाळल्यावर भेगाळते” हे उजवीकडे आलं, तर डावीकडे “का?” यायला हवं. उत्तर चिकणमातीच्या खनिजात आहे. स्मेक्टाइट गटातल्या खनिजांच्या थरांमध्ये पाणी शिरतं तेव्हा थर एकमेकांपासून लांब जातात. पाणी निघून गेलं की जवळ येतात, माती आक्रसते आणि भेगा पडतात. असं एकदा लिहिलेलं उत्तर विसरत नाही, कारण त्यातला एक दुवा आठवला की पुढचा हाताशी येतो.

संदर्भग्रंथ वाचताना

तयार नोट्स आणि गाईड वापरूच नका, असं सांगून कुणी ऐकत नाही. तेव्हा एवढंच सांगतो: गाईड शेवटी उघडा, पहिल्यांदा नको. गाईडमध्ये उत्तर असतं, पण ते उत्तर तसंच का, हे नसतं. प्रश्न थोडा फिरवून आला की गाईडवाला अडतो. एकाच गाईडमधलं तेच उत्तर तपासणाऱ्यांपुढे गठ्ठ्यानं येतं, आणि ते त्यांना पहिल्या ओळीत ओळखू येतं.

अभ्यासक्रमाच्या शेवटी दिलेल्या यादीतून प्रत्येक विषयाची दोनच पुस्तकं निवडा: एक सोप्या भाषेतलं, एक सविस्तर. कोणती, ते सरांना विचारा. पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. अनुक्रमणिका बघा, आपल्या घटकाचं प्रकरण काढा. प्रकरणाची सुरुवात, उपशीर्षकं, आकृत्या आणि शेवटचा भाग दहा मिनिटांत चाळा. मग डाव्या पट्टीतले प्रश्न समोर ठेवून वाचा. एका बैठकीत सात-आठ पानं पुरे. प्रत्येक उपशीर्षक संपलं की पुस्तकावर हात ठेवा आणि काय वाचलं ते दोन ओळींत लिहा. लिहिता आलं नाही, तर तेवढाच भाग पुन्हा वाचा.

मराठी माध्यमातून विज्ञान किंवा वाणिज्यला आलेल्यांची खरी अडचण इंग्रजीची असते, आणि ती लाजून झाकली की वाढते. रस्ता आहे. दोनशे पानी वहीत प्रत्येक विषयासाठी तीन रकाने आखा: इंग्रजी संज्ञा, मराठीत अर्थ, आणि ती संज्ञा वापरून स्वतः केलेलं एक इंग्रजी वाक्य. रोज आठ ते दहा संज्ञा, त्याहून जास्त नको. अर्थासाठी शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश संकेतस्थळावर मोफत आहेत. विषय समजून घ्यायला मराठी विश्वकोशही मोफत वाचता येतो. कोशाचा फायदा बघा: रसायनशास्त्रात ‘अ‍ॅबसॉर्प्शन’ म्हणजे शोषण आणि ‘अ‍ॅडसॉर्प्शन’ म्हणजे अधिशोषण. एकात पदार्थ आत शिरतो, दुसऱ्यात पृष्ठभागावर चिकटून राहतो. इंग्रजीत एका अक्षराचा फरक, पण उत्तर पूर्ण चुकतं. समजून घेणं मराठीत आणि लिहिणं इंग्रजीत, असा सराव दोन-अडीच महिने झाला की वाचनाचा वेग आपोआप वाढतो. ज्या विषयात मराठीतून उत्तरं लिहायची मुभा आहे, तिथे माध्यम सुरुवातीलाच ठरवा आणि परीक्षेच्या फॉर्मवरही तेच भरा.

पुस्तक मिटून लिहा

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल, तर ही करा.

तेच पान चार वेळा वाचलं की ओळखीचं वाटायला लागतं, आणि ओळखीचं वाटलं की येतं असं वाटतं. परीक्षेत ओळखायचं नसतं, आठवायचं असतं. ही दोन वेगळी कामं आहेत. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर याचे प्रयोग केले. एका गटानं एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटानं एकदा वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. लातूर पॅटर्नमधल्या चाचण्यांनी मुलांचं जे भलं केलं, त्याच्या मुळाशी हेच आहे.

करायचं असं. टिपणाचा उजवा भाग कोऱ्या कागदानं झाका. डावीकडचा प्रश्न वाचा आणि उत्तर पाठकोऱ्या कागदावर लिहा. मनात म्हणू नका, मनातलं उत्तर नेहमी पूर्ण वाटतं. मग झाकण काढून लाल पेनानं राहिलेलं भरा. हे चार वेळा: त्याच दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठवड्यानं आणि तीन आठवड्यांनी. पहिल्या वेळी अर्धं पान लाल होईल. घाबरून जाऊ नका. तिसऱ्या खेपेला लाल शाई कमी झालेली दिसते. तिसऱ्या दिवशी काहीच आठवत नाही असं वाटणं, हा या पद्धतीचाच भाग आहे. थोडं विसरून मग डोकं ताणून आठवलं की ते जास्त टिकतं. आठवणं सोपं जात असेल, तर तुम्ही फार लवकर उजळणी करताय.

एसटीतला वेळ इथे कामी येतो. डाव्या पट्टीतले प्रश्न पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर उतरवा, उत्तर मागे. कार्डांचा एक गठ्ठा खिशात ठेवा. प्रश्न बघायचा, खिडकीबाहेर बघत उत्तर जुळवायचं, मग कार्ड उलटून तपासायचं. आलं ते कार्ड गठ्ठ्याच्या तळाला, नाही आलं ते वरून चौथ्या-पाचव्या जागी.

गणित, भौतिकशास्त्र, अकाउंट्स या विषयांत ‘बघून समजलं’ ही सर्वांत मोठी फसगत आहे. सोडवलेलं उदाहरण वाचताना प्रत्येक पायरी पटते, कारण पायरी कुणीतरी आधीच निवडलेली असते. परीक्षेत पायरी निवडण्यालाच गुण आहेत. म्हणून उदाहरण एकदा वाचा, वही मिटा, पहिल्यापासून सोडवा. अडलात तर फक्त पुढची एक ओळ बघा आणि पुन्हा मिटा. एकाच प्रकारची वीस उदाहरणं सलग सोडवण्यापेक्षा तीन प्रकारांची मिसळून बारा सोडवा. कोणती पद्धत कुठे लावायची, हे ओळखायचा सराव त्यातच होतो.

अभ्यासगट तीन ते चार जणांचा असावा, आठवड्यातून एकदा, दीड तास. प्रत्येकानं एक उपमुद्दा न बघता समजावून सांगायचा, इतरांनी “का?” विचारायचं. नोट्सची अदलाबदल करायला जमलात तर तो वेळ वाया गेला.

ग्रंथालय आणि असाइनमेंट

ग्रंथालयाचं कार्ड पहिल्या आठवड्यातच काढा. पुस्तकं बहुधा ड्यूई दशांश क्रमानं लावलेली असतात: ३३० अर्थशास्त्र, ५४० रसायनशास्त्र, ८९१.४६ मराठी साहित्य, ९५४ भारताचा इतिहास. आपल्या विषयाचा क्रमांक माहीत झाला की त्याच फळीवर यादीत नसलेली चांगली पुस्तकंही सापडतात. ग्रंथपालांना ‘एन-लिस्ट’चं लॉगिन आहे का, ते विचारा. कॉलेज सदस्य असेल, तर हजारो ई-पुस्तकं आणि नियतकालिकं रूमवर बसून वाचता येतात. बरेच विद्यार्थी तीन वर्षं संपेपर्यंत हे विचारतच नाहीत.

असाइनमेंटला दहा-बारा दिवस धरा. दोन दिवस वाचन, एक दिवस आराखडा, तीन दिवस कच्चं लेखन. मग दोन दिवस बाजूला ठेवा आणि त्यानंतर दुरुस्ती व पक्कं लेखन. वाचताना प्रत्येक टिपणाशेजारी लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष आणि पान क्रमांक तिथल्या तिथे लिहा. शेवटच्या रात्री हे शोधत बसणं फार जिकिरीचं असतं. दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं घेतलं तर अवतरणचिन्हात, आपल्या शब्दांत घेतलं तरीही त्याचं नाव. मोबाईलवरच्या एआयकडून असाइनमेंट लिहून घेणाऱ्यांचं दुहेरी नुकसान होतं. त्यात कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांचे संदर्भ येतात, आणि तोंडी विचारलं की एक ओळ सांगता येत नाही. अवघड उताऱ्याचा अर्थ विचारायला किंवा स्वतःला प्रश्न तयार करून घ्यायला ते साधन जरूर वापरा, पण आलेलं उत्तर पुस्तकाशी पडताळून घ्या.

उत्तर लिहिण्याचा सराव

पेपर ८० गुणांचा तीन तासांचा असो की ६० गुणांचा दोन तासांचा, एका गुणाला दोन मिनिटं हा हिशोब धरा. दहा गुणांच्या प्रश्नाला वीस मिनिटं, त्यातली पहिली दोन आराखड्याला. घड्याळ लावून आपण वीस मिनिटांत किती शब्द लिहितो ते मोजा. तीनशेच होत असतील, तर सहाशे शब्दांचं उत्तर पाठ करण्यात अर्थ नाही.

प्रश्नातलं क्रियापद आधी अधोरेखित करा. ‘वर्णन करा’ला काय घडलं ते पुरतं. ‘कारणे सांगा’ला घडण्यामागचे दुवे लागतात. ‘मूल्यमापन करा’ला यश, मर्यादा आणि शेवटी स्वतःचा निष्कर्ष लागतो. तिन्हींना एकच पाठ उत्तर लिहिणं ही गुण जाण्याची सर्वांत मोठी जागा आहे.

पाच गुणांची टीप घेऊ: ‘नागपूर करार’. दीडशे-पावणेदोनशे शब्द, दहा मिनिटं. सुरुवात थेट: २८ सप्टेंबर १९५३ रोजी पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाड्यातल्या नेत्यांमध्ये झालेला करार. मग पार्श्वभूमी एका वाक्यात: मराठी भाषकांचं एक राज्य करताना मागास भागांना हमी हवी होती. नंतर तरतुदी, मुद्द्यांत: विकासखर्चात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, नोकऱ्या आणि उच्च शिक्षणात तसाच वाटा, दरवर्षी काही काळ सरकार नागपुरात. शेवटी परिणाम: १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात, पुढे संविधानाच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ साली विकास मंडळं आली, ती याच मागणीच्या ओघात. “मराठवाडा ही संतांची भूमी आहे” अशी सुरुवात केली, तर तीन ओळी आणि एक मिनिट गेलं, गुण शून्य.

असं एक उत्तर दर रविवारी घड्याळ लावून लिहा आणि सोमवारी सरांकडे न्या. एकच उत्तर असेल तर बहुतेक शिक्षक आवर्जून बघतात. दहा उत्तरांचा गठ्ठा नेला तर त्यांनाही वेळ होत नाही.

सुगी, दिवाळी आणि शेवटचे तीन आठवडे

पहिल्या सेमची परीक्षा दिवाळीच्या पुढेमागे येते, आणि त्याच सुमारास सोयाबीनची काढणी, मग कापसाची वेचणी. घरी हात कमी असतात, गावी जावंच लागतं. ते टाळता येणार नाही असं धरूनच आखणी करा. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत अभ्यासक्रमाचा साठ टक्के भाग ‘न बघता लिहून झाला’ या तिसऱ्या चौकोनापर्यंत आणा. काढणीच्या आठ-दहा दिवसांत नवं काही हाती घेऊ नका. पुस्तकांची पिशवी गावी नेली तरी ती उघडली जात नाही. फक्त कार्डांचे गठ्ठे न्या, सकाळी शेतात जाण्याआधी अर्धा तास पुरतो. दुसऱ्या सेमला परीक्षा ऐन उन्हाळ्यात असते. दुपारी पत्र्याच्या खोलीत अभ्यास होत नाही, लाईटचाही भरवसा नसतो. तेव्हा पहाटे पाच ते नऊ ही वेळ मुख्य अभ्यासाची करा आणि दुपार झोप, जर्नल, आकृत्या यांना द्या.

शेवटच्या तीन आठवड्यांत पहिला आठवडा मोकळ्या राहिलेल्या चौकोनांचा. दुसऱ्यात प्रत्येक विषयाचा एक जुना पेपर पूर्ण वेळ लावून सोडवायचा, रूमवर नको, रीडिंग रूममध्ये. तिसऱ्यात त्या पेपरांतून उघड्या पडलेल्या कच्च्या जागा. परीक्षेच्या आदल्या रात्री जागू नका. झोपेतच दिवसभराचं वाचलेलं पक्कं होतं, जागरणानं तेच आधी जातं.

निकालानंतर

एखादा विषय राहिला तर खचून न जाता दोन दिवसांत पुढचं काम सुरू करा. पुढच्या वर्गात जायला किती विषयांची सवलत आहे ते परीक्षा विभागाच्या नियमांत बघा, मित्राच्या सांगण्यावर राहू नका. उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज करता येतो. मुदत थोडी असते, म्हणून निकाल लागला त्याच दिवशी परिपत्रक वाचा. छायाप्रत हाती आली की गेलेला प्रत्येक गुण तीन रकान्यांत मांडा: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, आठवलं पण लिहायला वेळ उरला नाही किंवा प्रश्न चुकीचा समजला. पहिला रकाना मोठा असेल तर वाचन आणि हजेरी वाढवा. दुसरा मोठा असेल तर वाचन तेवढंच ठेवा आणि मिटून लिहिण्याच्या खेपा वाढवा. तिसरा मोठा असेल तर रविवारचं एक उत्तर आता दोन करा. विषय निघाला असेल, तरी सर्वांत कमी गुणांच्या पेपरची छायाप्रत मागवा आणि त्यावर हेच तीन रकाने भरा.